वाचले

बाबांच्या प्रवासाच्या वहीत दोन रकाने असतात: ‘गेले’ आणि ‘वाचले’. पहिला सगळेच लिहितात. दुसरा फक्त आमच्या घरात पिकतो.

करमळी स्टेशनवर उतरलो तेव्हा टॅक्सीवाल्याने मंगेशीपर्यंत नऊशे सांगितले. पायलट स्वस्त, पण त्याच्या मोटारसायकलवर मागे एकच माणूस बसतो आणि आम्ही तिघे. शिवाय आईची पिशवी, म्हणजे जवळजवळ चौथे माणूस. बाबांनी छत्री उघडली, जुन्या गोव्याच्या हमरस्त्यापर्यंत आमची वरात नेली आणि फोंड्याच्या बसमध्ये चढवली. वहीत नोंद झाली: गेले साठ, वाचले आठशे चाळीस. टॅक्सीने जाणारच नव्हतो तर वाचले कुठून, असे मी विचारले नाही. एकदा महाबळेश्वरला विचारले होते. घाट उतरेपर्यंत ऐकून घेतले.

उतरलो देवळाच्या अग्रशाळेत. साधी खोली, स्वच्छ चादर, पहाटे घंटा. जुलै महिनाही बाबांनीच निवडलेला, पावसाळ्यात गोवा स्वस्तात पडतो म्हणून. पडतो खरा. फक्त १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर समुद्रात जात नाहीत, हे हिशेबात धरायचे राहिले. अग्रशाळेत मासे शिजत नाहीत, म्हणून बस पकडून पणजीला जेवायला गेलो, तर इस्वणाचा, म्हणजे आपल्या सुरमईचा, भाव पाटीवर नव्हता, वेटरच्या तोंडी होता. त्याने तो हळू आवाजात सांगितला, जशी कुणाच्या आजारपणाची बातमी सांगावी. बाबा पाणी प्यायले. मग शितकडी, म्हणजे भात-कालवण, आणि सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर मागवली. खोबरे, कांदा, चिंचेचा आंबटपणा आणि दाताखाली कुरकुरणारी सुंगटे. आईने दोनदा मागून घेतली. पावसाळ्यात इथल्या घरांतून हेच खातात, असे वेटर म्हणाला. तो आमची समजूत काढत असावा, पण ते खरे होते.

दुसऱ्या दिवशी जुन्या गोव्यात चर्च पाहून झाल्यावर व्हाइसरॉयच्या कमानीखालून रस्ता सरळ मांडवीच्या धक्क्यावर उतरला. समोर दिवाडी बेट आणि लोखंडी फेरीबोट. स्कूटर, शाळेची पोरे, पावांच्या टोपलीसकट सायकल, सगळे एका दमात आत. आम्हीही चढलो. बाबांनी वीसच्या दोन नोटा काढून मुठीत धरल्या आणि तिकीटवाल्याला शोधू लागले. कोणी येईना. शेवटी दोरखंडाशी उभ्या असलेल्या खलाशापुढे त्यांनी नोटा धरल्या.

‘पयशे नाका,’ तो म्हणाला आणि दोर सोडायला वळला.

बाबांचा विश्वास बसला नाही. उतरताना घेत असतील म्हणून नोटा पलीकडच्या काठापर्यंत मुठीतच राहिल्या. दमट हवेत त्यांची पार सुरळी झाली. तिकडेही कोणी विचारले नाही. दिवाडीवर वडाखाली उभे राहून आम्ही पाऊस पाहिला आणि पुढच्या बोटीने परतलो. धक्क्यावर पोचल्यावर बाबा म्हणाले, ‘अजून एकदा जाऊन येऊ.’

रात्री वही उघडली. फेरीबोटीपुढे ‘गेले’मध्ये त्यांनी शून्य लिहिले. ‘वाचले’पाशी पेन थांबले. किती लागले असते, हेच माहीत नव्हते.

‘लिहा की दोनशे,’ आई चादरीतून म्हणाली.

‘असे कसे?’ बाबा म्हणाले, आणि बराच वेळ दिवा चालूच होता.