पाणी कुठं मुरतंय ते दाखवणारा रंग

माघात कडब्याच्या पेंढ्या बांधताना अण्णांच्या डोळ्याला ज्वारीच्या पात्याचं टोक लागलं. आईनं पदराच्या बोळ्यावर फुंकर मारून डोळा शेकला, आणि चुलतभावानं गावातल्या मेडिकलवरून ड्रॉप आणून दिले. मी परभणीत, मला दोन दिवसांनी कळलं. तोवर त्यांना उजेड सहन होईना, घळाघळा पाणी. मी बॅटरी लावून पाहिलं, डोळा नुसता लाल. जखम कुठंच दिसेना.

डॉक्टरांनी आधी ती बाटली मागितली. वाचली आणि बाजूलाच ठेवली. त्यात स्टेरॉइड होतं. पाल्यापाचोळ्यानं झालेल्या जखमेत बुरशी शिरू शकते आणि स्टेरॉइडनं ती फोफावते, म्हणाले. विचारल्याशिवाय असे ड्रॉप कुणाच्या डोळ्यात घालू नका, हे मी आता भेटेल त्याला सांगते.

मग त्यांनी कागदाची बारीक पट्टी काढली. टोकाला नारिंगी रंग. त्यावर सलाईनचा थेंब टाकून ती खालच्या पापणीच्या आत टेकवली. "अण्णा, उघडझाप करा." दिवा बंद केला, मशीनचा निळा उजेड सोडला आणि मला बघू दिलं. काळ्याभोर बुबुळावर हिरवागार ओरखडा, नुकतंच तिफणीनं एक तास ओढावं तसा! धड भागावरून रंग आसवांबरोबर निघून जातो, वरची साल निघाली असेल तिथं धरून बसतो.

ह्या रंगाचं नाव फ्लुओरेसिन. १८७१ साली अडॉल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं तो बनवला. डॅन्यूब नदीचं पाणी एके ठिकाणी खडकात गडप होतं. ते कुठं जातं हे बघायला १८७७ मध्ये तिच्यात सुमारे १० किलो हाच रंग ओतला, आणि साधारण ६० तासांनी १२ किलोमीटरवरच्या आख नदीच्या झऱ्याला हिरवं पाणी आलं. आमच्याकडं विहिरीच्या झऱ्यावरून भावकीत अबोला धरतात, त्यामुळं हे वाचून मी कितीतरी वेळ तसंच बसले होते.

घरी येताना अण्णांनी नाक पुसलं तर उपरण्याला पिवळा डाग. घाबरले. डोळ्यातलं पाणी नाकातच उतरतं, दुसरं काही नाही, असं मी समजावलं.

नशिबानं बुरशी नव्हती. तिसऱ्या दिवशी हिरवं तिळाएवढं उरलं होतं. आठव्या दिवशी परत पट्टी लावली, निळा उजेड सोडला. अण्णा श्वास रोखून बसलेले.

"काय दिसतंय गं?"

"काळंभोर, अण्णा. सगळं काळंभोर."