जी१३बीए कॅम : ‘बिलेट’ म्हणून आला, रीग्राइंड निघाला

कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आला, पण हेड बांधणं थांबवलंय. ‘नवीन बिलेट’, म्हणजे स्टीलच्या अखंड सळीतून कापलेला, म्हणून घेतलेला हा कॅम ओतीव आहे आणि तोही वापरलेल्या कॅमवर पुन्हा ग्राइंड केलेला. इंजिन तेच, मारुती जिप्सीचं आठ व्हॉल्व्हचं जी१३बीए, बोअर-स्ट्रोक ७४ बाय ७५.५ मिमी, १२९८ सीसी. स्टॉक कॅमची मापं आधीच्या नोंदीत आहेत, इथे फक्त फरक देतोय.

बिलेट नाही हे नुसत्या डोळ्यांनी कळतं. सळीतून कापलेल्या कॅमला दोन लोबच्या (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या उंचवट्यांच्या) मधल्या भागातही टर्निंगच्या खुणा असतात. इथे वाळूची खरखरीत साल, साच्याची शिवण आणि उठावातला कास्टिंग नंबर आहे. शंका राहू नये म्हणून टोकाच्या बिनकामाच्या भागावर ग्राइंडर टेकवला : आखूड, लालसर ठिणग्या. ईएन२४ या मिश्र स्टीलचा तुकडा तसाच धरला तर ठिणग्या लांब आणि पिवळ्या-पांढऱ्या उडतात. लोहचुंबकाचा उपयोग नाही, दोन्हींना चिकटतो.

ओतीव असणं हा दोष नव्हे. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कॅम बनवणारी कंपनी सोलापुरातच आहे, त्यामुळे चिल्ड कास्ट आयर्नचा (साच्यात ‘चिल’, म्हणजे धातूचे तुकडे, ठेवून पृष्ठ झटकन थंड आणि कडक केलेल्या ओतीव लोखंडाचा) कॅम काय ताकदीचा असतो हे इथे कुणाला सांगायला नको. ओतीव माल देऊन बिलेटचा दर लावणं, हा दोष.

आता रीग्राइंड कसं ठरवलं. ग्राइंडिंगने धातू फक्त काढता येतो, चढवता येत नाही. म्हणून लिफ्ट (लोबचा उठाव) वाढवायची तर बेस सर्कल (लोबचा मूळ गोल भाग) खाली न्यावं लागतं. स्टॉकशी तुलना केली तर बेस सर्कलचा व्यास १.८० मिमी कमी, टाचेपासून (बेस सर्कलची बाजू) नोजपर्यंतची (लोबचं टोक) उंची ०.९५ मिमी कमी, म्हणजे लोबची लिफ्ट ०.८५ मिमी जास्त. पण एवढ्यावर निकाल देऊ नका, नवीन ब्लँकवरही छोटं बेस सर्कल ठेवता येतं. खरा पुरावा जर्नलवर (कॅम ज्या गोल भागांवर फिरतो तिथे) मिळाला. स्टॉकच्या किमान मापापेक्षा ०.०३ मिमी कमी, ०.०२ मिमी अंडाकृती, आणि पुली बसते त्या खांद्यावर घासल्याचा जुना चट्टा. काळ्या फॉस्फेटचा लेप त्या चट्ट्यावरही चढवलेला आहे. नवीन कॅमला हे तिन्ही असूच शकत नाही. (मापं सकाळी घ्या. कॅम आणि मायक्रोमीटर रात्रभर एकाच खोलीत ठेवा. दोन्ही लोखंडी असल्याने तापमान सारखं असलं की प्रसरणाचा फरक जवळपास उरत नाही. उन्हातून आणलेला कॅम लगेच मापू नका.)

सगळा वेळ खाल्ला तो कडकपणाने. हातातला लीब टेस्टर (ठोका मारून उसळीवरून कडकपणा मोजणारा) नोजवर लावला : ३७, ५१, ४४, ४० एचआरसी (रॉकवेल कडकपणा). एकाच लोबवर! टेस्टर बिघडलेला नव्हता, पद्धत चुकीची होती. त्याच्या नेहमीच्या डी प्रोबला मापायची वस्तू साधारण ५ किलोची लागते. २ ते ५ किलोच्या वस्तूला जड आधार हवा, त्याहून हलकी असेल तर ती ग्रीस लावून जाड प्लेटला घट्ट चिकटवावी लागते. कॅम हलका, वर लोबची गोलाई, त्यामुळे ठोक्याची ऊर्जा कंपनातच जाते. ग्रीस लावून सरफेस प्लेटवर क्लॅम्प केल्यावरही ६ एचआरसीचा फरक उरलाच. कॅमसाठी लीबवर विसंबू नये, असं स्पष्ट मत झालंय.

उपाय साधा निघाला, कडकपणा तपासायच्या कानशींचा सेट. ४० ते ६५ एचआरसी, पाच-पाचच्या अंतराने सहा कानशी. ४५ ची कानस नोजवर घसरते, ५० ची किंचित धरते. म्हणजे नोज ठीक. फ्लँकवर (लोबच्या उतारावर) मात्र ४५ ची सरळ चावते आणि टाचेकडे ४० चीही. नंतर टूलरूममध्ये बेंच रॉकवेलवर, लोबच्या बाजूला छोटी सपाटी करून, नोजजवळ ४९ आणि फ्लँकजवळ ४१ मिळाले. रॉकवेलचा खड्डा घासणाऱ्या पृष्ठावर कधीही पाडू नका.

फ्लँक मऊ का, हे लिहितानाच सुचलं. चिल बहुतेक नोजभोवती लावतात, टाचेकडे कडक थर पातळ असतो, आणि इथे नेमका तिथूनच ०.९ मिमी उतरवलाय. तेव्हा पुढचा बेत बदलला : भंगारातला स्टॉक कॅम लोबमधून थंड पाणी सोडत कापायचा, ८०० च्या पेपरपर्यंत घासायचा आणि ३ टक्के नायटल (अल्कोहोलमधलं नायट्रिक आम्ल) लावून पांढरा थर किती खोल आहे ते मोजायचं. किती ग्राइंड परवडेल ते त्यावरून ठरेल.

कागदपत्रांचं थोडक्यात. पुरवठादार ‘पुण्यात बनवलेला’ म्हणतो, बिलावरचा जीएसटीआयएन ०७ ने सुरू होतो, म्हणजे दिल्लीची नोंदणी, महाराष्ट्राचा २७. तेवढ्याने खोटेपणा ठरत नाही, पण प्रश्न विचारायला पुरतं. पाकिटावर निर्मात्याचा पत्ता नाही, महिना-वर्ष नाही, कॅम कार्डही नाही. १ मिमी लिफ्टवरची ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचे अंश), सेंटरलाइन (कमाल लिफ्टचा अंश) आणि टॅपेट गॅप छापलेलं कार्ड नसेल तर कॅम घेऊच नये. जाहिरातीत २४८ अंश होते, डिग्री व्हीलवर १ मिमीला २३१ भरले.

कॅम परत जातोय, फोटो आणि मापांसह. बेस सर्कल त्रिज्येत ०.४ मिमीपेक्षा जास्त न उतरवता नव्या स्टॉक कॅमवर सौम्य ग्राइंड करून घेण्याचा विचार आहे. टॅपेट स्क्रू त्यात फार बाहेर येत नाहीत, लॅश कॅप (गॅप भरून काढायला व्हॉल्व्हच्या टोकावर बसवायच्या टोप्या) लागणार नाहीत. नायटलचा फोटो आला की आकडा पक्का करू.