दुसऱ्या तारेचा गांधार

गिटार हाती आली तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो आणि पुढची वीस वर्षे केवळ कानावर विसंबून वाजवत राहिलो. बेळगाव-शहापूरच्या गणेशोत्सवातील मंडपांपासून निपाणी, खानापूरच्या लग्नांपर्यंत ऑर्केस्ट्रात साथ केली. एकाच रात्री मराठी, कन्नड आणि हिंदी गाणी वाजवावी लागत. गायकाची पट्टी बदलली की कॅपो (सगळ्या तारा एका जागी दाबून धरणारा चिमटा) सरकवायचा, एवढेच माझे शास्त्र होते.

एक अडचण मात्र सुटत नव्हती. तिसऱ्या तारेला षड्ज मानून मी दुसरी तार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गांधाराइतकी गोड लावत असे. त्या दोन तारा एकत्र छेडल्या की मन प्रसन्न होई, पण ई मेजर हा कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरमेळ) धरला की तीच तार बेसूर वाटे. तारा बदलल्या, गिटार दुरुस्तीलाही देऊन पाहिली. अखेर शहापुरातील एका पेटीवादक मास्तरांनी उलगडा केला. ते म्हणाले, "तुमच्या फ्रेट (दांडीवरच्या धातूच्या पट्ट्या) सप्तकाचे बारा समान भाग करतात आणि तुम्ही लावता स्वयंभू गांधार. माझ्या पेटीचेही तेच दुखणे आहे." स्वयंभू गांधार षड्जाशी ५:४ या प्रमाणात, म्हणजे सुमारे ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग) असतो आणि समान भागांचा ४०० सेंटवर. माझी तार १४ सेंट उतरलेली राही. ई मेजरमध्ये तीच तार पंचम होते आणि पंचमातली एवढी उणीव कानाला सोसत नाही.

वीस वर्षे जे बोटांना खुपत होते त्याला आकडा आहे, हे कळल्यावर मला स्वस्थ बसवेना. चाळिशीत मी ग्रेड परीक्षांकडे वळलो. लंडनच्या ज्या बोर्डाची परीक्षा मी निवडली, तिथे सहाव्या ग्रेडच्या प्रात्यक्षिकाआधी पाचव्या ग्रेडची थिअरी उत्तीर्ण व्हावी लागते. स्वरलेखन वाचणे या वयात फार जड गेले, कारण पहिल्या मोकळ्या तारेचा ई दुसऱ्या तारेच्या पाचव्या, तिसरीच्या नवव्या आणि चौथीच्या चौदाव्या फ्रेटवरही मिळतो. त्यांतला कोणता घ्यायचा, हे केवळ कागदावरच्या टिंबावरून समजत नाही. पहाटे दुकान उघडण्यापूर्वीचा एक तास मी दोन वर्षे त्यालाच दिला.

आता टिळकवाडीत शिकवतो. निम्म्या मुलांच्या घरी कन्नड बोलतात. एका मुलीची आई कर्नाटक संगीत शिकलेली असल्यामुळे आमच्या शुद्ध गांधाराला ती 'अंतर गांधार' म्हणते आणि मीही तिला तेच नाव वापरू देतो. कॉर्डचा तक्ता मी पहिल्या महिन्यात कोणालाच देत नाही. तार लावणे आधी. त्याच मुलीने परवा विचारले, "सर, मग खरा गांधार कुठला?" मी तंबोरा तिसऱ्या तारेच्या स्वरात मिळवून तिला ऐकायला सांगितले. तिने दुसऱ्या तारेची खुंटी हळूहळू उतरवली, स्वरांमधला थरथराट थांबला, तिचा चेहरा खुलला. मग मी म्हटले, "आता ई मेजर वाजव." तिने वाजवला आणि माझ्याकडे पाहत, काही न बोलता, खुंटी पुन्हा किंचित चढवली.