तुम्ही विचारलंत म्हणून: रोटेशनला जाऊ का?

एअरोस्पेसमध्ये नुकतीच लागलेली मुलं-मुली हे हमखास विचारतात. एखाद्या माजी अंतराळवीराच्या नावाने चालणाऱ्या रोटेशनमध्ये, म्हणजे नव्या लोकांना विभागाविभागांतून फिरवणाऱ्या कार्यक्रमात, निवड झालेली असते, दर काही महिन्यांनी विभाग बदलणार असतो आणि मनात धाकधूक असते: धड एक ना भाराभर चिंध्या, असं तर होणार नाही?

जा. बिनधास्त जा.

अंतराळवीराचं नाव अशा कार्यक्रमाला शोभून दिसतं, कारण अंतराळवीरही असेच, वेगवेगळी कामं करत घडतात. कल्पना चावलांची पीएचडी १९८८ ची. विमानाभोवतीची हवा कशी वाहते, याची गणितं संगणकावर सोडवणं हे त्यांचं काम. १९९४ मध्ये नासाने अंतराळवीर म्हणून निवडल्यावर त्या रोबोटिक्सच्या डिस्प्लेवर काम करू लागल्या, स्पेस शटलचं नियंत्रण सॉफ्टवेअर तपासू लागल्या. १९९७ च्या पहिल्या उड्डाणात त्यांनी यांत्रिक हाताने सोडलेला स्पार्टन उपग्रह भरकटला. दोन सहकाऱ्यांनी यानाबाहेर जाऊन तो अक्षरशः हातांनी पकडला. आधी बोट चावलांकडे दाखवलं गेलं, पण चौकशीअंती दोष निघाला सॉफ्टवेअरच्या इंटरफेसमध्ये आणि यान व जमीन यांच्यासाठी ठरवलेल्या कार्यपद्धतीत.

आपल्या क्षेत्रातला घात बऱ्याचदा असा दोन गटांच्या किंवा भागांच्या सांध्यातच होतो. १९९९ मध्ये मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे नासाचं मंगळयान गमावलं, तेव्हा एका गटाचे आकडे पाउंड-फोर्स सेकंद या एककात होते आणि दुसऱ्याने ते न्यूटन-सेकंद या वेगळ्याच एककातले समजून वापरले. दोन्हीकडे हुशार माणसं होती.

म्हणून असेंब्लीच्या जागी उभं राहून बघावं. स्क्रीनवर सुबक बसलेला कनेक्टर प्रत्यक्ष जोडताना तंत्रज्ञाचा हातमोज्यातला हात आत शिरत नाही, मनगट वाकडं करून तो पिना चाचपडत असतो. हे एकदा पाहिलेला डिझायनर पुढच्या ड्रॉइंगमध्ये हाताला जागा सोडतोच.

एक तोटा खरा आहे. कामात जरा हात बसतो न बसतो तोच निघावं लागतं. त्यावर उपाय म्हणजे पहिल्याच आठवड्यात वरिष्ठांकडून एक छोटं, मुदतीत संपणारं काम मागून घ्यायचं आणि जाताना त्याच्या नीट नोंदी मागे ठेवायच्या. मुरायचं कुठे, ते रोटेशन संपल्यावर ठरवा. पसंतीक्रम विचारलाच, तर टेस्टिंग पहिलं लिहा; सांध्यातले असे दोष तिथेच पकडायचे असतात.