डोननने न केलेले कट

चित्रपट-संकलन शिकणाऱ्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला मी दर वर्षी एक सराव देते. एखाद्या नृत्यगीताचा तुकडा घ्यायचा, त्यातला प्रत्येक कट, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्या शॉटवर केलेली उडी, मोजायचा, प्रत्येक शॉटची लांबी सेकंदांत लिहायची आणि तो तक्ता घेऊन वर्गात यायचे. गेल्या पावसाळी सत्रात मी त्यासाठी एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओच्या १९५५ सालच्या ‘इट्स ऑलवेज फेअर वेदर’ या संगीतपटातला प्रसंग निवडला होता. युद्धावरून परतलेले तीन सैनिक मित्र दारूच्या धुंदीत न्यूयॉर्कच्या रस्त्यावर नाचतात आणि नाचता नाचता कचऱ्याच्या डब्यांची झाकणे पायांत अडकवून घेतात, तो हा प्रसंग. चार गटांपैकी तिघांचे तक्ते एकमेकांशी जवळपास जुळले. चौथ्या गटाच्या तक्त्यात मात्र कट बरेच कमी होते, आणि जिथे इतरांनी दोन-तीन शॉट लिहिले होते तिथे या गटाने काही ठिकाणी एकच लांब शॉट नोंदवला होता. मी त्यांना पुन्हा मोजायला सांगितले. सांगताना माझा स्वर नाराजीचा होता आणि त्याची बोच मला अजून आहे, कारण चूक त्या मुलांची नव्हती.

हा चित्रपट मी नऊ वर्षे एका ठरलेल्या कामासाठी वापरत आले होते. अमेरिकी संगीतपटाला उतरती कळा कशी लागली, हे सांगण्याच्या तासाला तो उदाहरण म्हणून यायचा. जीन केली आणि स्टॅनली डोनन यांनी मिळून १९४९ मध्ये ‘ऑन द टाउन’ आणि १९५२ मध्ये ‘सिंगिंग इन द रेन’ दिग्दर्शित केले होते. याच जोडीने दिग्दर्शित केलेल्या या तिसऱ्या चित्रपटालाही निर्माता आर्थर फ्रीडच होता, लेखक बेटी कॉम्डन आणि अडॉल्फ ग्रीन हेच होते, स्टुडिओ तोच होता, आणि तरीही स्टुडिओला सोळा लाख डॉलरहून अधिक तोटा झाला. केली आणि डोनन यांचे चित्रीकरणाच्या काळात इतके बिनसले की त्यानंतर त्यांनी एकत्र चित्रपट केला नाही. हे सगळे सांगून झाल्यावर मी माझा निष्कर्ष मांडत असे. चित्रपट कडवट आहे म्हणून प्रेक्षक दुरावले हे खरे, पण त्याची बांधणीही विस्कळीत आहे. नृत्यांत कॅमेरा एका नर्तकावरून दुसऱ्यावर अस्वस्थपणे उड्या मारतो, आणि तिघे जण मिळून नाचत असताना तिसरा कुठे गेला हे कळेनासे होते. पुरावा म्हणून मी नेमका हाच झाकणांचा नाच दाखवत असे.

चौथ्या गटातल्या मुलीने पुन्हा मोजणी केली आणि तोच आकडा घेऊन ती परत आली. तिने वाद घातला नाही. ती एवढेच म्हणाली, “मॅडम, एकदा तुम्ही आमच्यासमोर मोजता का?” तिच्याकडे या चित्रपटाची स्वतःची डिस्क होती, बाकीच्या गटांनी आमच्या ग्रंथालयातली, जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून उतरवलेली प्रत वापरली होती. मी दोन्ही प्रती शेजारशेजारच्या दोन मॉनिटरवर लावायला सांगितल्या. ते काम करायला आमचे प्रक्षेपक आले. त्यांनी संस्थेत येण्याआधी एकपडदा चित्रपटगृहात तीस वर्षे ऑपरेटर म्हणून काम केले होते आणि मुले त्यांना काका म्हणतात. दोन्ही चित्रे सुरू होऊन पुरते अर्धे मिनिटही झाले नसेल, तेवढ्यात काकांनी ग्रंथालयाच्या प्रतीकडे बोट दाखवले.

“मॅडम, हे स्कोपचे पिक्चर आहे. या प्रतीत दोन्ही बाजू छाटल्या आहेत. हा आत्ता दिसला तो कट मूळचा नाही. चौकट डावीकडून उजवीकडे सरकवायची होती, ती सरकवण्याऐवजी उडी मारली आहे.”

स्कोप म्हणजे सिनेमास्कोप, रुंद पडद्यासाठीची चित्रीकरणाची पद्धत. तिची चौकट त्या काळी उंचीच्या २.५५ पट रुंद असे, आणि जुन्या दूरचित्रवाणी संचाची १.३३ पट. म्हणजे स्कोपचे चित्र पूर्ण उंचीने संचावर बसवायचे तर त्याच्या रुंदीतला जवळजवळ निम्मा भाग टाकून द्यावा लागतो. कोणता निम्मा ठेवायचा हे ती प्रत तयार करणारा तंत्रज्ञ शॉटगणिक ठरवतो. कधी तो मूळ चित्रावरून आपली छोटी चौकट हळूहळू सरकवतो, तर कधी एका टोकावरून दुसऱ्या टोकावर थेट कट करतो. या पद्धतीला पॅन अँड स्कॅन म्हणतात. ती मला माहीत होती, मी ती शिकवतेही. तरीही एक प्रश्न मी नऊ वर्षांत स्वतःला कधी विचारला नव्हता: ज्या प्रतीवरून मी डोननच्या संकलनाबद्दल मत बनवले, त्या प्रतीतले संकलन डोननचे आहे का? ज्या अस्वस्थ उड्यांसाठी मी या चित्रपटाला वर्गात नापास करत आले होते, त्यांतल्या कितीतरी उड्या त्याच्या प्रदर्शनानंतर अनेक वर्षांनी कुणीतरी वेगळ्याच गरजेपोटी घातलेल्या होत्या.

मी तास तिथेच थांबवला आणि पुढची दोन व्याख्याने रद्द करून संपूर्ण चित्रपट मोठ्या पडद्यावर लावायला सांगितला. काकांनी पडद्याच्या वरच्या-खालच्या काळ्या पट्ट्या नीट बसवल्या, खिडक्यांचे पडदे ओढले, आणि आम्ही १०२ मिनिटे बसून राहिलो.

रुंद चौकटीत झाकणांचा नाच म्हणजे तीन देहांचा एक आडवा आलेख आहे. जीन केली, डॅन डेली आणि मायकेल किड हे तिघे पूर्ण उंचीने, डोक्यापासून पायांतल्या झाकणापर्यंत दिसतात, आणि त्यांच्यामधली अंतरे सतत बदलत राहतात. नृत्याचा अर्थ त्या अंतरांत आहे. एकाने पाय आपटला की दुसऱ्याचा प्रतिसाद त्याच शॉटमध्ये, त्याच श्वासात दिसतो, म्हणून तिथे कटची गरज पडत नाही. आणि ही माणसे एकमेकांची किती जिवलग आहेत हे आपल्याला संवादाआधी या नाचातून पटते. त्यांतला एक जण चौकटीबाहेर गेला की उरते ते नुसते कवायतीचे कौशल्य. त्यांची मैत्री आधी पटावी लागते, कारण पुढे चित्रपट हीच मैत्री आपल्या डोळ्यांसमोर विझवणार असतो.

कथा थोडक्यात अशी. ऑक्टोबर १९४५ मध्ये हे तिघे एका बारमध्ये निरोप घेताना दहा वर्षांनी तिथेच भेटण्याचे ठरवतात आणि एका डॉलरच्या नोटेचे तीन तुकडे करून वाटून घेतात. दहा वर्षांनी तिघेही खरोखर येतात. वकील होण्याची स्वप्ने पाहणारा आता जुगार आणि मुष्टियोद्धे यांच्या नादी लागला आहे, चित्रकार होऊ पाहणारा जाहिरातीच्या धंद्यात शिरून पोटदुखी आणि मोडकळीला आलेला संसार बाळगतो आहे, आणि थोर बल्लवाचार्य होणार असलेला एका लहान शहरात हॅम्बर्गरचे दुकान चालवतो आहे. पहिल्या पाच मिनिटांतच तिघांच्या लक्षात येते की आपल्याला एकमेकांचा सहवास नकोसा झाला आहे. शाळासोबत्यांच्या स्नेहभेटीत मोठ्या उत्साहाने जाऊन तासाभरात घड्याळ पाहू लागलेल्या कुणालाही ही वेळ ओळखीची वाटेल. एका उंची उपाहारगृहात तिघे जेवायला बसलेले असतात, ओठ मिटलेले असतात, आणि योहान स्ट्राउसच्या ‘ब्लू डॅन्यूब’च्या चालीवर त्यांच्या मनातले विचार आपल्याला गाण्यातून ऐकू येतात: आपण यायलाच नको होते. संगीतपटात माणसे मनातले बोलून दाखवता येत नाही म्हणून गातात, ही या प्रकाराची मूळ रीत आहे. इथे ती रीत तशीच ठेवून तिच्यात प्रेमाऐवजी कंटाळा आणि तिरस्कार भरला आहे. त्या काळातल्या इतक्या मोठ्या स्टुडिओच्या संगीतपटात इतके धीट काही माझ्या पाहण्यात नाही.

पुढे तिघे वेगळे होतात, आणि तो प्रसंग येतो ज्याने माझी टाचणे कायमची बदलली. रुंद पडदा तीन उभ्या भागांत विभागला जातो. प्रत्येक भागात एक मित्र, आपापल्या जागी एकटा, हरवलेल्या मैत्रीबद्दल गातो आणि नाचतो. पावले तीच, ताल तोच, पण तिघांपैकी कुणालाही उरलेले दोघे दिसत नाहीत. ते फक्त आपल्याला दिसतात. ही कल्पना जुन्या संचाच्या चौकटीत मावतच नाही, कारण निम्मा पडदा कापला की तीनपैकी दीड माणूसच शिल्लक राहतो. ग्रंथालयाच्या प्रतीत हा प्रसंग इतका केविलवाणा दिसे की मी तो वर्गात पुढे ढकलून देत असे. त्या दिवशी अंधारात माझ्या मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणाले, “एकत्र नाचताहेत, पण त्यांना ते माहीतच नाही.” वर्षानुवर्षे मी या चित्रपटाबद्दल जे काही बोलत आले होते, त्यापेक्षा हे एक वाक्य अधिक अचूक होते.

केलीचा चाकांच्या बुटांवरचा एकट्याचा नाच मात्र कापलेल्या प्रतीतही बराचसा शाबूत राहतो, कारण चौकटीत सांभाळायला एकच माणूस असतो. वयाच्या बेचाळिशीत भर रस्त्यावर स्केट्स घालून टॅप नृत्य करणाऱ्या केलीची ती दृश्ये मी आवर्जून दाखवत असे आणि म्हणत असे की यात फक्त तेवढेच पाहण्यासारखे आहे. तिघांचा चित्रपट माझ्या मनात एकट्याचा होऊन बसला होता, आणि माझ्या हाताखालून गेलेल्या नऊ तुकड्यांच्या मनांतही.

संध्याकाळी मुलांशी जी चर्चा झाली ती लांबली. एक मुलगा आवेशाने म्हणाला, “म्हणजे हा मास्टरपीसच होता, मॅडम; लोकांना कळला नाही.” दुसऱ्याने लगेच ‘कागज के फूल’ची आठवण काढली: १९५९ चा, भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट, तोही पडला आणि पुढे डोक्यावर घेतला गेला. मला ती तुलना तिथेच थांबवावीशी वाटली. चित्रपट पडणे हा काही गुण नव्हे, आणि एका अन्यायाची भरपाई अतिस्तुतीने करू नये. पूर्ण रुंदीत पाहिल्यावरही या चित्रपटात उणिवा दिसतात, आणि त्या मी मुलांसमोर तितक्याच स्पष्टपणे मांडल्या. नायिका म्हणून सिड शरीससारखी नर्तिका हाताशी असताना तिचे आणि केलीचे एकही युगुलनृत्य चित्रपटात नाही. ते चित्रित झाले होते, पण अंतिम प्रतीतून काढले गेले. मुष्टियोद्ध्यांच्या तालमीत ती एकटी जे नाचते ते झकास आहे, पण त्याने प्रेमकथेची पोकळी भरत नाही. किडचे स्वतंत्र नृत्यही असेच गाळले गेले, त्यामुळे तिघांतला त्याचा माणूस सर्वांत फिकट राहिला. मारामारीचा आणि गुंडाच्या कबुलीजबाबाचा शेवट घाईचा आहे. आणि आंद्रे प्रेव्हिनच्या संगीताला ऑस्करचे नामांकन मिळाले असले, तरी चित्रपटगृहातून बाहेर पडताना ओठांवर राहील असे गाणे त्यात मला तरी एखादेच सापडते.

तरीही त्याचे पुनर्मूल्यांकन व्हावे असे मी त्या दिवशी म्हणाले आणि आजही म्हणते. त्यामागे कणव नाही, एक ठोस कारण आहे. हॉलिवूडने १९५३ पासून सिनेमास्कोपचा धडाका लावला तो प्रेक्षकांना दूरचित्रवाणीपासून परत खेचण्यासाठी. १९५५ पर्यंत अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक घरांत संच आले होते. बहुतेक निर्मात्यांनी त्या रुंदीत डोंगर, सैन्ये आणि रोमन राजवाडे भरले. डोनन आणि केली यांनी ती रुंदी माणसांमधले अंतर मोजायला वापरली, आणि त्याच चित्रपटात दूरचित्रवाणीवरच्या भावनांच्या बाजाराची निर्भीड खिल्ली उडवली. डोलोरेस ग्रेने साकारलेली मधाळ निवेदिका हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. त्याच दूरचित्रवाणीच्या चौकटीत तो पुढे कापला गेला, आणि माझ्यासारख्यांनी ती कापलेली प्रत पाहून त्यावर निकाल दिला. सदोष प्रतीवरून दिलेला निकाल मागे घेऊन खटला नव्याने चालवायला हवा. त्यानंतर निकाल काय लागेल तो लागो.

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयातली ती प्रत पाठ्यसाहित्यातून काढली, पण फेकली नाही. आता दोन्ही प्रती मिळून एक सराव आहे: कोणता कट संकलकाचा आणि कोणता कापणाऱ्याचा, हे ओळखायचे. मागच्या नऊ तुकड्यांतल्या ज्या विद्यार्थ्यांचे पत्ते माझ्याकडे होते त्यांना मी पत्र लिहिले, त्यात माझे जुने विधान जसेच्या तसे उद्धृत केले, ते चूक का होते हे सांगितले आणि पूर्ण चौकटीतला चित्रपट पाहण्याची विनंती केली. त्यांतला एक जण आता मुंबईत मालिकांचे संकलन करतो. त्याने तीन दिवसांनी उत्तर पाठवले. त्यात एकही वाक्य नव्हते. झाकणांच्या नाचाचा नवा तक्ता होता, शॉटच्या लांबीसह, आणि शेवटच्या रकान्यात प्रत्येक शॉटसमोर त्याने लिहिले होते: तिघेही चौकटीत.