बाळंतपण कोणी केलं गं तुझं?

सध्या आम्ही तिघं, मी, नवरा आणि लेक, जर्मनीहून मुंबईत, पार्ल्याला आईकडे आलो आहोत आणि बिल्डिंगमधल्या काकूंपासून बाजारातल्या भाजीवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांचे प्रश्न ठरलेले आहेत. थंडी फार असते का, पोळ्यांचं पीठ मिळतं का, तुम्ही दोघं कामाला गेलात की हिला कोण बघतं. आणि मग थोडं जवळ सरकून, आवाज उतरवून, बाळंतपण कोणी केलं गं तुझं? या प्रश्नात खरीखुरी काळजी असते, म्हणून त्याचं उत्तर जिन्यात उभ्या उभ्या द्यायला मला आवडत नाही. इथे सविस्तर लिहिते.

आम्ही म्यूनिकला राहतो. लेक तिथेच झाली, आता चार वर्षांची आहे. आई येणार असं ठरलेलं होतं, पण नेमकं तेव्हाच तिचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे आई पोचली तेव्हा लेक चांगली हुंकार द्यायला लागली होती. मधले सगळे आठवडे घरात आम्ही दोघंच आणि आमची हेबामे.

हेबामे म्हणजे सुईण, पण रीतसर शिकलेली, परवाना असलेली, २०२० च्या कायद्यानंतर तर तिथे त्याची डिग्रीच करावी लागते. जर्मनीत प्रत्येक बाळंतपणाला हेबामे हजर असलीच पाहिजे असा नियम आहे, सगळं नॉर्मल असेल तर डॉक्टर नसला तरी चालतो पण ती हवीच. आणि हॉस्पिटलमधून घरी आलं की दुसरी हेबामे, जी आपण आधीच ठरवलेली असते, ती घरी यायला लागते. पहिले १० दिवस रोज येऊ शकते, पुढे गरजेप्रमाणे, १२ आठवड्यांपर्यंत, आणि पैसे सरकारी आरोग्य विमा भरतो. आपण एक छदाम द्यायचा नाही. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दोनदा विचारून घेतलं की नक्की घरी येते ना.

आमची हेबामे पन्नाशीची होती, सायकलवर यायची. दारात बूट काढायची, हात धुवायची आणि पिशवीतून एक ताणकाटा आणि सुती कापडाची झोळी काढायची. लेकीला त्या झोळीत ठेवून झोळी काट्याच्या हुकाला अडकवायची आणि अलगद वर उचलायची, आणि पोरगी न रडता टकामका बघत लोंबकळायची. वजन वहीत लिहायचं, मग बेंबी बघायची, मग अंगावर पाजताना बाळाला कसं धरतेय ते बघायची, आणि हे सगळं झालं की खुर्ची ओढून माझ्यासमोर बसायची आणि विचारायची, झोप झाली का, जेवलीस का, रडू येतं का. हा शेवटचा प्रश्न मला तोपर्यंत कोणी विचारलाच नव्हता. व्हिडिओ कॉलवर सगळे बाळ दाखव बाळ दाखव म्हणत होते आणि त्यात काही चुकीचं नाही, पण मला रडू येत होतं हे खरं होतं, आणि तिच्यासमोर ते बोलता आलं. नवऱ्यालाही ती विचारायची, तू जेवलास का, आणि उत्तर येईपर्यंत थांबायची.

आता आपल्याकडचं तेल-मालिश, शेक, धुरी, पोट बांधणं यावर तिचं म्हणणं काय, तर काही गोष्टी तिला मनापासून आवडल्या. खोबरेल तेलाने हलक्या हाताने चोळायला तिची काहीच हरकत नव्हती. रोज आंघोळ मात्र नको म्हणाली, आठवड्यातून एकदा-दोनदा पुरते, कातडी कोरडी पडते. धुरीला तिने स्पष्ट नाही सांगितलं, एवढ्याशा फुप्फुसात धूर कशाला. मला ते पटलं. (शिवाय तिथे घराघरात स्मोक डिटेक्टर लावणं बंधनकारक आहे, शेगडी पेटवली असती तर अख्खी बिल्डिंग खाली उतरली असती.)

मग आई आली आणि स्वयंपाकघर तिने ताब्यात घेतलं. भारतातून दूध-तुपाचे पदार्थ सामानातून न्यायला युरोपात परवानगी नाही, त्यामुळे तूप तिने तिथेच कढवलं, बिनमिठाच्या बटरच्या पाव-पाव किलोच्या वड्या आणून. घरभर तो वास सुटला आणि मला एकदम माहेरी आल्यासारखं झालं. आळीव तर गंमतच, आईने मुंबईहून पुडी बांधून आणली होती आणि तिथे तोच आळीव बाजारात बियाण्यांच्या पाकिटात मिळतो! जर्मन लोक तो कापसावर पेरतात, चार-पाच दिवसांत हिरवा तुरा आला की कात्रीने कापून ब्रेडवर घालून खातात. ईस्टरच्या आधी लहान मुलांच्या शाळांमध्ये हा उद्योग असतोच. खीर करतात हे काही त्यांना माहीत नव्हतं, हेबामेला शेवटच्या भेटीत आईने नारळाचं दूध आणि गूळ घालून केलेली आळिवाची खीर दिली, तिने वाटी चाटूनपुसून संपवली आणि कृती लिहून घेतली.

हे सगळं परदेशातलं कौतुक म्हणून सांगत नाहीये. नवजात बाळाची काळजी घ्यायला कोणीतरी शिकलेलं माणूस घरी गेलं तर बाळं वाचतात हे आपल्याच महाराष्ट्रात सिद्ध झालंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना ट्रेनिंग देऊन हे केलं, १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जातात, हॉस्पिटलमध्ये बाळंतपण झालं असेल तर ४२ दिवसांत सहा भेटी, त्याचं मूळ तिथेच आहे. म्हणजे कल्पना आपल्याला नवीन नाही. पण माझ्या ठाण्यातल्या मैत्रिणीकडे, बाविसाव्या मजल्यावर, आई कोकणात आणि सासूबाई आजारी, तिच्याकडे कोण गेलं? मालिशवाल्या मावशी तासभर येऊन जायच्या, बाकी दिवसभर ती आणि गूगल. तिची आणि माझी परिस्थिती अगदी सारखी होती. फरक एवढाच की माझ्या दाराशी एक बाई सायकल लावून वर यायची. हे मला फार लागतं आणि मी जिथे तिथे बोलत राहते.

सुट्टीचं सांगते, कारण आत्ताच खालच्या मजल्यावरच्या काका म्हणाले की तिकडे पुरुषांनापण बाळंतपणाची रजा असते म्हणे. असते. आईला रजा बाळंतपणाआधी ६ आणि नंतर ८ आठवडे, आपल्याकडे २०१७ पासून २६ आठवडे भरपगारी आहे ती खरं तर याहून मोठी. पण तिथे त्यानंतर आई-बाबा दोघांनाही नोकरी न जाता प्रत्येकी तीन वर्षांपर्यंत रजा घेता येते, आणि पहिले काही महिने सरकार पगाराचा साधारण दोनतृतीयांश भाग देतं, महिन्याला जास्तीत जास्त १,८०० युरो. हे पैसे १२ महिने मिळतात आणि दोघांनी वाटून रजा घेतली तर १४. हे जे दोन जास्तीचे महिने आहेत ना त्यांच्यामुळे बाबा लोक घरी बसतात. सकाळी ११ वाजता बागेत गेलं की छातीशी पोर बांधलेले उंच उंच बाबे चालत असतात, एका हातात कॉफी. आमच्या घरीही नवऱ्याने त्याची रजा लेकीला पाळणाघरात रुळवायच्या वेळेला घेतली.

ते रुळवणं ही माझ्या मते तिथली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. पाळणाघराला किटा म्हणतात. २०१३ पासून वर्षाच्या वरच्या प्रत्येक मुलाला जागा मिळणं हा कायद्याने हक्क आहे, आता म्यूनिकमध्ये प्रत्यक्षात मनासारखी, घराजवळची जागा मिळवताना भलभल्यांचा घाम निघतो, शिक्षक कमी आहेत, तो वेगळा विषय. पण एकदा जागा मिळाली की मूल सोडून तुम्ही ऑफिसला पळू शकत नाही. बर्लिन मॉडेल म्हणून एक पद्धत आहे, बऱ्याच ठिकाणी तीच किंवा तिच्यासारखी चालते. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा वर्गातच, कोपऱ्यात बसून राहायचं, आपण होऊन खेळवायला जायचं नाही, मूल आलं तर जवळ घ्यायचं. तेवढ्यात एकच ठरलेली ताई हळूहळू मुलाशी ओळख करते. चौथ्या दिवशी पहिल्यांदा काही मिनिटं बाहेर जायचं, आणि जाताना सांगून जायचं. डोळा चुकवून निघायचं नाही, हा पक्का नियम. मूल रडलं आणि ताईकडून शांत झालं नाही तर परत बोलावतात आणि पुढचे काही दिवस परत वर्गात बसायचं.

मला बालवाडीत सोडताना आई 'चॉकलेट आणते हं' म्हणून गेली होती आणि मी दुपारपर्यंत दाराकडे बघत होते, आपल्या पिढीतल्या निम्म्या जणांची हीच आठवण असेल. तर तिथे नवरा कॉरिडॉरमधल्या बुटक्या बाकावर बसायचा, वर ओळीने हुक, प्रत्येक हुकावर एक चित्र, कारण मुलांना नाव वाचता येत नाही, लेकीच्या हुकावर साळिंदर. त्याच्याखाली तिचं रबरी पँट-जॅकेट आणि गमबूट. आतून रडण्याचा आवाज आला की तो ताठ व्हायचा आणि मला मेसेज करायचा, थांबलं की परत मेसेज. कितीतरी आठवडे हे चाललं. आणि मग एक दिवस लेकीने त्याला स्वतःच हात हलवून बाय केलं आणि वाळूत खेळायला गेली, तो घरी येऊन रडला. तेव्हापासून आजपर्यंत तिने किटात जायला कधी त्रास दिला नाही. पाऊस असो, बर्फ असो, ते रबरी कपडे घालून ही मंडळी रोज बाहेर चिखलात असतात.

आपल्याकडे ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसला पाळणाघराची सोय करणं २०१७ पासून कायद्याने आवश्यक आहे. तुमच्या ऑफिसात विचारा, प्लीज विचारा. मुंबईत विरारहून-पनवेलहून दोन-दोन तास लोकलने येणाऱ्या आयांना त्याची गरज म्यूनिकपेक्षा जास्त आहे.

फिरण्याबद्दल सगळ्यांना ऐकायचं असतं. आम्ही काही युरोप टूरवाले नाही, आमचं फिरणं म्हणजे रविवार. रविवारी तिथे दुकानं बंद, मॉल बंद, सगळे घराबाहेर. जर्मनीत २०२३ च्या मे महिन्यात ४९ युरोचा महिन्याचा पास निघाला, २०२५ ला ५८ झाला, २०२६ ला ६३, त्यात देशभरातल्या सगळ्या बस, ट्राम, मेट्रो, लोकल गाड्या येतात, फक्त लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या नाहीत, आणि सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही. डबा भरायचा, थेपले, दही-बुत्ती, सफरचंदं, आणि एस६ लोकल पकडून श्टार्नबेर्गला उतरायचं, स्टेशनमधून बाहेर आलं की समोर तळंच.

आई-बाबा आले तेव्हा कोनिगसीला गेलो होतो, बेर्चटेसगाडेनजवळ, म्यूनिकहून त्याच पासवर फ्रायलासिंगला गाडी बदलून अडीच-तीन तास लागतात. दोन्ही बाजूंनी सरळ उभे डोंगर आणि मध्ये हिरवंगार लांबट तळं, आणि त्यात १९०९ पासून प्रवासी बोटी विजेवर चालतात, त्यामुळे इंजिनाचा आवाज नाही, पाण्याला तेलाचा तवंग नाही. मध्ये एका ठिकाणी बोट थांबवून नावाडी तुतारीसारखं पितळी वाद्य वाजवतो आणि समोरच्या कड्यावरून तीच धून परत येते. लेकीने 'अजून!' म्हणून ओरडून सगळ्या बोटीला हसवलं. बाबा बेस्टमधून रिटायर झालेले, त्यांना मात्र तळ्याइतकीच तिथपर्यंत नेणारी बस आवडली. स्टॉपला आली की बस फुटपाथच्या बाजूला झुकते, मधल्या दारातून प्रॅम सरळ आत, आतमध्ये प्रॅमसाठी मोकळी जागा. बाबा उतरल्यावर थांबून ती बस परत सरळ होताना बघत राहिले आणि मग आईला म्हणाले, तुझ्या गुडघ्यालापण चालली असती ही. दादरच्या पुलावर लेकीला कडेवर घेऊन आणि प्रॅम घडी करून खांद्यावर घेऊन चढताना मला परवा त्यांचं ते वाक्य आठवलं.

आता ज्यांची लेक-सून जर्मनीत आहे आणि बातमी आलेली आहे, त्यांच्यासाठी कामाचं. हेबामे ताबडतोब शोधायला सांगा, अगदी पहिल्या-दुसऱ्या महिन्यातच, कारण मोठ्या शहरांत त्या कमी आहेत आणि उशीर केला तर मिळत नाही. तुम्ही जाणार असाल तर व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, त्यामुळे आजोबांनी आणि आजीने एकत्र जावं की पाठोपाठ हे आधीच ठरवा, आणि प्रवासाचा मेडिकल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो. डिंक, सुंठ, खारीक, बदाम न्या, खव्याचं आणि तुपाचं काही नेऊ नका. आळीव न्यायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा, माझी आई अजूनही पार्ल्याचाच हवा म्हणते.