विंचूमासा मेलेल्या करंदीला तोंड लावेपर्यंतचे माझे ४७ दिवस

दुकानदार म्हणाला होता, "फ्रोझन खातो, टेन्शन नाही." घरी आणलेल्या त्या पिवळ्या लीफफिशने, म्हणजे पानासारख्या दिसणाऱ्या छोट्या विंचूमाशाने, फ्रोझनकडे, म्हणजे गोठवलेल्या मेलेल्या खाण्याकडे, ढुंकूनही पाहिलं नाही. त्या एका वाक्यापायी ४७ दिवस गेले. म्हणून पहिली सूचना हीच: मासा दुकानात तुमच्या डोळ्यांदेखत खाल्ल्याशिवाय पैसे काढू नका. मोबाइलवरचा व्हिडिओ धरायचा नाही, आणि तोंडात गेलेला घास जिवंत होता की मेलेला, ते नीट बघायचं.

टँकबद्दल थोडक्यात. ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे साधारण १९० लिटर. लीफफिश, म्हणजे टेनियानोटस ट्रायकँथस, जेमतेम १० सेंटिमीटर होतो. त्याला १०० लिटरही चालले असते. पुढेमागे रायनोपियस, म्हणजे याच कुळातला मोठा मासा, ठेवायचा मोह होता, म्हणून मोठा टँक घेतला. दगड, पाणी, स्टँड धरून वजन पाव टनाच्या पुढे जातं, तेव्हा टँक खोलीच्या मधोमध नको, बीमच्या कडेने भिंतीला लावून ठेवा. आरओ-डीआय पाणी, म्हणजे गाळून क्षार काढलेलं; त्यात मीठ घालून क्षारता ३५ पीपीटी, म्हणजे हजार भागांत ३५. लिटरला ३७ ग्रॅमच्या आसपास मीठ लागतं, पण शेवटचा शब्द क्षारता मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरचा. आणि तो शून्यावर नाही, ३५ च्या द्रावणावर जुळवा. मुंबईच्या पावसाळ्यात मिठाची उघडी पिशवी आठवड्यात दगड होते, घट्ट झाकणाच्या बादलीत ठेवा. स्किमर, म्हणजे पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र, एक नंबर मोठाच घ्या, कारण या माशाचं खाणं तेलकट. सायकल व्हायला, म्हणजे माशाची घाण पचवणारे जिवाणू टँकमध्ये वाढायला, सहा आठवडे लागले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पाणी थंड करणारा चिलर मात्र टाळता येत नाही. मे महिन्यात बंद खोली ३३ अंशांवर जाते आणि पाणी २५-२६ ला हवं. चिलर पाण्यातून काढलेली उष्णता, वर स्वतःच्या विजेचीही, खोलीत ओततो. टँकच्या कपाटात कोंबलात तर तो स्वतःचीच गरम हवा ओढत बसतो आणि विजेचं बिल फुगतं. नळी लांब घेऊन तो खिडकीशी ठेवा.

आता अडलेलं घोडं.

हा मासा शिकारीचा पाठलाग करत नाही, वाट बघतो. दगडाला टेकून वाळक्या पानासारखा डुलतो आणि हलणारं, डोळे असलेलं काहीतरी तोंडासमोर आलं की जबडा उघडून पाण्यासकट ओढून घेतो. मेलेली करंदी हलत नाही, त्यामुळे त्याच्या लेखी ती दगडच. ज्याला त्याला विचारलं तर एकच उत्तर: "उपाशी ठेव, झक मारत खाईल." या सल्ल्याचा मला अजून राग आहे. एवढ्याशा माशाला आठ-दहा दिवसांपलीकडे उपाशी ठेवलं की डोक्यामागचा मांसल भाग खपाटीला जातो, आणि तिथून तो परत येईलच याची खात्री नाही. भूक लावायची, उपास घडवायचा नाही.

पहिले चार दिवस काहीच दिलं नाही, दिवेही मंद. पाचव्या दिवशी मोली या छोट्या पाळीव माशाची जिवंत पिल्लं, दीड सेंटिमीटरची. गप्पी नको, गोड्या पाण्यातला गप्पी थेट समुद्री पाण्यात पडला की फार तग धरत नाही आणि उरला तर सडतो. मोली खाऱ्या पाण्याला सरावते. बादलीत १ लिटर मूळ पाण्यात मोली आणि एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड), वरून गाठ मारलेल्या नळीतून टँकचं पाणी, सेकंदाला चारेक थेंब. सहा-सात तासांत बादली ५ लिटरवर येते. रात्रभर तसंच ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्या दोन दिवसांत मोलीला स्पिरुलिना (शेवाळाचं खाद्य) खाऊ घाला, कारण मोलीच्या पोटातलं शेवटी माशाच्याच पोटात जातं. पण कायम जिवंत मोलीवर राहायचं नाही; रोज जिवंत चारा म्हणजे रोज नवा रोग घरात आणणं.

तेराव्या दिवसापासून काडी. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची ६० सेंटिमीटर लांब, ३ मिलिमीटर जाडीची. टोकाला नुकतीच मारलेली मोली, अगदी अलगद अडकवलेली, म्हणजे मासा ओढेल तेव्हा ती सुटून यावी. मेलेल्या मोलीला डोळे असतात, आकार ओळखीचा असतो. जिवंत चारा आणि करंदी यांच्यामधली ही पायरी गाळली तर सगळं गाळलं. माझी चूक अशी की काडी थेट तोंडाशी नेत होते. मासा तोंड फिरवायचा, मी पुन्हा पुढे. उतावळेपणा नुसता. बरोबर पद्धत: समोरून, किंचित वरून, तोंडापासून ६-७ सेंटिमीटरवर थांबायचं. दोनदा झटका, मग एकदम स्थिर. पुन्हा एक झटका. त्याचे दोन्ही डोळे पुढे वळून घासावर एकत्र टेकले, पाठीचा पर ताठ झाला आणि अंग पुढे कललं की हात गोठवायचा. आता हललात तर संपलं. जांभई दिली तर ती भूक समजू नका, ती नुसती जांभई असते. दहा मिनिटांत काही झालं नाही तर काडी बाहेर. तोंड फिरवलं तर लगेच बाहेर.

वेव्हमेकर, म्हणजे टँकमध्ये लाटा करणारा पंप, त्या वेळी बंद हवा, नाहीतर तुकडा वाहून जातो. तो १५ मिनिटांच्या टायमरवर लावा. "नंतर चालू करू" म्हटलं की सकाळीच आठवतं.

एकविसाव्या दिवशी त्याने काडीवरची मेलेली मोली घेतली. चोविसाव्या दिवसापासून पुन्हा नकार. तीन दिवस काडी लावली, काही नाही. मी हरून परत जिवंत मोली सोडली, तीही त्याने सोडून दिली. अठ्ठाविसाव्या दिवशी रात्री तो अंग झटकत, सारखा जबडा ताणत पुढे सरकला आणि तोंडापासून मागे एक पातळ, पांढुरकी चादर सुटत गेली. दुधावरची साय चमच्याने ओढावी तशी, जवळजवळ अखंड. खाली तोच मासा, धुऊन काढल्यासारखा पिवळाधमक. हा मासा कात टाकतो, महिन्यातून दोनेकदा तरी, त्याने अंगावरचं शेवाळ आणि चिकटलेले जीव निघून जातात. कात टाकण्याआधी एक-दोन दिवस, कधी जास्त, तो खात नाही आणि डोळे धुरकट दिसतात. हे आधी माहीत असतं तर जिवंत चाऱ्याकडे परत गेले नसते. त्या माघारीत दहा दिवस वाया गेले, कारण कात टाकल्यावर जिवंत मोली खाऊन त्याला पुन्हा हलणाऱ्या घासाची सवय लागली. आता तारखा कॅलेंडरवर लिहिते. निघालेली कात लगेच काढा, ती पंपाच्या तोंडाला चिकटते.

मग मोलीच्या आकाराचा करंदीचा तुकडा, डोकं आणि डोळे ठेवून, पाय कापून. सत्तेचाळिसाव्या दिवशी रात्री साडेनऊला 'टक्' असा आवाज आला. काचेबाहेर ऐकू येतो तो. काडीचं टोक रिकामं.

करंदी कोळणीकडून ताजी घ्या. दिवसेंदिवस काळी न पडणाऱ्या कोळंबीला औषध लावलेलं असण्याची शक्यता असते. "ताई, एवढ्याशा करंदीत कालवण होणार आहे का?" हे ऐकून घ्यावं लागतं. १ जूनला पावसाळी मासेमारी बंदी सुरू होते, म्हणून मेमध्येच दोन महिन्यांचं छोट्या पुड्यांत गोठवून ठेवा. मधूनमधून माकूलच्या पट्ट्या. मांदेली रोज देऊ नका. त्या कुळातल्या माशांत थायामिनेझ असतं, ते जीवनसत्त्व ब १ नासवतं. करंदीचाही पूर्ण भरवसा नाही, त्यामुळे आठवड्यातून एक घास ब १ च्या थेंबात भिजवून. आठवड्याला दोन-तीनदाच, पोट किंचित गोल दिसेपर्यंत. हे मासे भुकेने मरतात त्यापेक्षा लाडाने जास्त मरतात, असं माझं मत. मोठा घास पोटात पचण्याआधी कुजतो आणि मासा फुगतो.

हे आधी लिहायला हवं होतं: पाठीच्या, पोटाच्या आणि गुदपराच्या काट्यांत विष असतं. लीफफिशचा डंख स्टोनफिशइतका जबर नसतो, पण हात घालण्याआधी मासा कुठे बसलाय ते बघितल्याशिवाय घालायचा नाही. जाळीत काटे अडकतात, त्यामुळे पकडायला प्लास्टिकचा डबा. डंख झालाच तर साधारण ४५ अंशांच्या पाण्यात हात ३० ते ९० मिनिटं, पाण्याची उष्णता दुसऱ्या, न चावलेल्या हाताने बघून. दुखण्याच्या भरात भाजलेलं कळत नाही. आणि डॉक्टरकडे जायचंच. टँकशेजारी किटली आणि थर्मामीटर ठेवलाय, घरातल्या सगळ्यांना सांगितलंय.

सोबतीला बटरफ्लायफिश, ट्रिगर, पफर नको, ते त्याच्या अंगावरचे पदर टोचतात. क्लीनर श्रिम्प सोडलात तर ते महागडं जेवण. आणि रायनोपियसच्या नावाने कुठलाही झालरवाला विंचूमासा गळ्यात मारतात. खऱ्याचं अंग उंच आणि चपटं, तोंड वर वळलेलं, डोळे डोक्यावर उंच. त्याच्या दोन जातींपैकी फ्रोंडोसाला फांद्या फुटलेल्या झालरी आणि गोल ठिपके, एश्मेयरीला झालरी तुरळक आणि पाठीचा पर अखंड, न कातरलेला.

सध्या सोमवारी आणि गुरुवारी रात्री दोन-दोन तुकडे. चाऱ्यासाठी आणलेल्या उरलेल्या नऊ मोली सम्पमध्ये, म्हणजे टँकला जोडलेल्या गाळण टाकीत, आहेत. त्यांना पिल्लं झाली आहेत.